सिंथेटिक ओपिऑइडविरुद्धच्या नव्या विधेयकांनी ओव्हरडोसचे मृत्यू कमी होतील का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी एमएस करायला फिलाडेल्फियाला येतेय. अमेरिकेत फेंटानिलवर नवा कायदा झाला, आता नायटाझीन आणि झायलाझीन यांच्यावरही विधेयकं आली आहेत, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या कायद्यांनी धोका खरंच कमी होतो का? मुलीने नार्कन, म्हणजे ओव्हरडोसवरचा उतारा, जवळ ठेवावं का? आणि एखाद्या मैत्रिणीसाठी ९११ ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन नंबरला, फोन केला, तर मुलीच्याच व्हिसावर गदा येईल का?

ताई, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि विधेयकांवरच्या चर्चेत नेमका तोच मागे पडतो. मी पेनसिल्व्हेनियात, म्हणजे फिलाडेल्फियाच्याच राज्यात, आधी इमर्जन्सी विभागात काम केलं, आता बरीच वर्षं व्यसनोपचारात आहे. या काळात एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. ओव्हरडोस झालेला माणूस स्वतःला वाचवू शकत नाही. त्याला वाचवतो तो त्याच खोलीतला दुसरा माणूस: रूममेट, भाऊ, मैत्रीण, कधी सोबत नशा करणारा मित्र. म्हणून कुठलंही विधेयक हातात आलं की मी आधी हे बघते, की या कलमांमुळे तो दुसरा माणूस फोन उचलेल की दार ओढून निघून जाईल.

असं का, ते शरीराच्या बाजूने सांगते. अफूपासून मिळणारं मॉर्फिन असो, हेरॉइन म्हणजे आपल्याकडचं गर्द असो, की कारखान्यात बनणारं फेंटानिल, ही सगळी ओपिऑइड द्रव्यं मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतात. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, घोरतो, मग दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं आणि श्वास थांबतो. हृदय त्याच्यानंतर थांबतं. मधली जी काही मिनिटं असतात त्यात कुणी श्वास दिला किंवा नालोक्सोन हा ओपिऑइडचा उतारा दिला तर माणूस परत येतो. फेंटानिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे आणि मेंदूत फार लवकर पोचतं, त्यामुळे ही मिनिटं पूर्वीपेक्षा खूप कमी झाली आहेत. अँब्युलन्स कितीही वेगाने आली तरी पहिली कृती घरातल्याच माणसाला करावी लागते.

आता कायद्याकडे वळू.

फेंटानिल १९६० च्या सुमाराला बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी तयार केलं. भूल देण्यासाठी आणि कॅन्सरच्या वेदनेसाठी ते उत्तम औषध आहे, आजही रोज वापरतो. अडचण अशी की त्याच्या रेणूची मूळ चौकट कायम ठेवून एखादा अणुगट बदलला की नवं द्रव्य तयार होतं. इमारतीचा नकाशा तोच ठेवून फक्त गॅलरीची जाळी बदलावी, तसं. जुन्या पद्धतीत प्रत्येक नव्या द्रव्याचं नाव घेऊन बंदी घालावी लागे, किंवा १९८६ च्या कायद्याखाली हे द्रव्य बंदी असलेल्या द्रव्याशी ‘बऱ्याच अंशी मिळतंजुळतं’ आहे, असं खटल्यागणिक सिद्ध करावं लागे. तोवर बाजारात पुढचं द्रव्य आलेलं असे. म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थ विभागाने, म्हणजे डीईएने, फेंटानिलच्या चौकटीतून निघणारा संपूर्ण गटच तात्पुरता पहिल्या अनुसूचीत टाकला. पहिली अनुसूची म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य नाही आणि नियंत्रण सगळ्यात कडक. ही तात्पुरती बंदी अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, पुन्हा पुन्हा वाढवत राहिली. शेवटी १६ जुलै २०२५ रोजी हॉल्ट फेंटानिल कायद्यावर सही झाली आणि गटबंदी कायमची झाली. दोन्ही पक्षांनी तिला मतं दिली. सिनेटमध्ये ८४ विरुद्ध १६.

इथे एक शंका लगेच दूर करते, कारण पुण्या-मुंबईहूनही ती विचारली जाते: आईला कॅन्सरसाठी फेंटानिलचा पॅच लावतात, तो अमेरिकेत बंद होणार का? नाही. औषध म्हणून मान्यता असलेलं फेंटानिल दुसऱ्या अनुसूचीतच आहे. हा कायदा मान्यता नसलेल्या चुलत द्रव्यांबद्दल आहे.

या गटबंदीने मृत्यू कमी झाले का? आकडे बघा. गटबंदी २०१८ पासून लागू होती. २०१८ मध्ये सिंथेटिक ओपिऑइडमुळे, म्हणजे मुख्यतः फेंटानिलमुळे, अमेरिकेत सुमारे ३१ हजार माणसं गेली. २०२२ मध्ये सुमारे ७४ हजार. बंदी असतानाच मृत्यू दुपटीच्या वर गेले. मात्र म्हणून बंदी निरुपयोगी होती असं मी म्हणणार नाही. तिचं काम मर्यादित होतं आणि ते तिने केलं: फेंटानिलची नवनवी रूपं बाजारात उतरवण्याचा खेळ बराच मंदावला. पण मारत होतं ते साधं, जुनं फेंटानिल. ते तर कित्येक दशकं अनुसूचीत आहेच. चीनने १ मे २०१९ पासून संपूर्ण फेंटानिल गटावर बंदी घातली, तेव्हा तयार मालाऐवजी कच्ची रसायनं मेक्सिकोत जायला लागली आणि माल तिथे बनू लागला.

नायटाझीनची गोष्ट यातूनच निघते. ही द्रव्यं १९५० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीत वेदनाशामक म्हणून शोधली गेली. श्वास थांबवण्याचा धोका एवढा मोठा होता की ती औषध म्हणून कधीच विकली गेली नाहीत. फेंटानिल गटाभोवती कुंपण पडल्यावर कुणीतरी जुने शोधनिबंध उघडले, आणि २०१९ च्या आसपास आयसोटोनिटाझीन रस्त्यावर आलं. त्याची रचना फेंटानिलसारखी नाही, त्यामुळे फेंटानिलची गटबंदी त्याला लागत नाही. त्याची काही भावंडं फेंटानिलहून कितीतरी तीव्र आहेत. ब्रिटनने जानेवारी २०२५ मध्ये नायटाझीनचा अख्खा गट ‘ए’ या सगळ्यात कडक वर्गात टाकला. अमेरिकेत डीईए एकेक द्रव्य अनुसूचीत टाकत आली आहे, आणि संपूर्ण गट पहिल्या अनुसूचीत टाकणारी विधेयकं २०२५ मध्ये मांडली गेली. ती मंजूर व्हावीत असंच मला वाटतं. नायटाझीनचा वैद्यकीय उपयोग कुणीच करत नाही, तेव्हा बंदीने रुग्णाचं काही जात नाही. फक्त संशोधनाची वाट मोकळी ठेवायला हवी. रचना सारखी म्हणून परिणामही सारखाच असतो असं नाही. गटात एखादं निरुपद्रवी, कदाचित विषाचा उतारा ठरेल असं द्रव्यही सापडू शकतं. हॉल्ट फेंटानिल कायद्यात पहिल्या अनुसूचीतल्या द्रव्यांवर संशोधनासाठी परवाना मिळवणं सोपं केलं आहे, ते चांगलं झालं.

झायलाझीनचं वेगळं आहे. ते जनावरांना गुंगी देण्याचं औषध, ओपिऑइड नाही. तुमची मुलगी ज्या शहरात येतेय, त्या फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन भागात ते फेंटानिलमध्ये मिसळलं जायला लागलं आणि लोकांच्या हातापायांवर खोल, कुजणाऱ्या जखमा व्हायला लागल्या. एप्रिल २०२३ मध्ये व्हाइट हाउसने या मिश्रणाला ‘उदयोन्मुख धोका’ जाहीर केलं. झायलाझीन तिसऱ्या अनुसूचीत टाकायचं, पण पशुवैद्यांचा वापर अबाधित ठेवायचा, असं विधेयक २०२३ मध्ये आलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. दरम्यान पेनसिल्व्हेनियाने आपल्या पातळीवर ते नियंत्रणाखाली आणलं. पुढे काय झालं? २०२४ पासून फिलाडेल्फियातल्या मालात झायलाझीनची जागा मेडेटोमिडीन घेऊ लागलं. तेही जनावरांचं, आणखी तीव्र. याची सवय लागलेल्या माणसाला ते मिळालं नाही की रक्तदाब आणि नाडी एवढी भडकते की थेट आयसीयूत न्यावं लागतं. हे बघितल्यावर कुठल्याही विधेयकाकडून ‘पुरवठा थांबेल’ ही अपेक्षा मी ठेवत नाही. नाकाबंदी कडक झाली की लपवायला सोपा, म्हणजे कमी वजनाचा आणि जास्त तीव्र माल येतो. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात बिअर मागे पडून कडक दारूच जास्त वाहिली गेली, तेही याच कारणाने.

शिक्षेच्या कलमांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. हॉल्ट फेंटानिल कायद्यात गटातल्या द्रव्याच्या १० ग्रॅमच्या विक्रीला किमान पाच वर्षं आणि १०० ग्रॅमला किमान दहा वर्षं कैद आहे. हे वजन शुद्ध द्रव्याचं धरत नाहीत; पिठासारख्या भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं धरतात. रस्त्यावरच्या नकली गोळीचं वजन साधारण दशांश ग्रॅम असतं. म्हणजे शंभरेक गोळ्या झाल्या की पहिली मर्यादा आली. मोठे व्यापारी यात सापडावेत हा हेतू असेल, पण स्वतःच्या नशेचा खर्च भागवायला थोडंफार विकणारा माणूसही इथे पोचतो, आणि तो उपचाराला यायला हवा असलेला रुग्ण असतो.

त्याहून गंभीर आहे ती मृत्यू झाल्यास लागणारी कलमं. संघराज्याच्या कायद्यात, दिलेल्या द्रव्याने कुणी मेलं तर देणाऱ्याला किमान २० वर्षं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरेज खटल्यात एवढं स्पष्ट केलं की ते द्रव्य नसतं तर मृत्यू झाला नसता, हे सिद्ध व्हायला हवं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात याच गुन्ह्याला कमाल ४० वर्षं आहेत, आणि ‘देणं’ म्हणजे विकणंच असायला हवं असं नाही. दोघं मित्र, एकाने दोघांसाठी आणलं, दुसरा निळा पडला. पहिल्याने फोन करावा म्हणून एका कायद्याने त्याला अभय द्यायचं आणि दुसऱ्या कायद्याने चाळीस वर्षांची भीती घालायची, याला मी धोरण म्हणू शकत नाही. शुद्धीवर आलेल्या रुग्णाजवळ कुणीच नसतं आणि अँब्युलन्सवाले सांगतात की दार सताड उघडं होतं, फोन करणारा निघून गेला होता. हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता नवल वाटत नाही, वाईट मात्र दरवेळी वाटतं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

ओव्हरडोस झालेल्या माणसासाठी मदत मागणाऱ्याला अभय देणारे कायदे अमेरिकेत ‘गुड समॅरिटन’ नावाने ओळखले जातात. न्यू मेक्सिकोने पहिला २००७ मध्ये केला, आज ते जवळजवळ सगळ्या राज्यांत आहेत, पण प्रत्येकाचं अभय कमीजास्त. पेनसिल्व्हेनियाचा कायदा २०१४ चा. मुलीने खऱ्या मनाने फोन केला, आपलं नाव आणि ठिकाण सांगितलं, आलेल्या लोकांना सहकार्य केलं आणि मदत येईपर्यंत त्या माणसाजवळ थांबली, तर जवळ थोडं द्रव्य सापडल्याच्या गुन्ह्याखाली तिच्यावर खटला होत नाही. ज्याच्यासाठी फोन केला त्यालाही अभय मिळतं. ‘जवळ थांबणं’ ही अट आहे, हे तिला नीट सांगा. फोन करून पळून गेलं तर अभय जातं. आणि ते पुरवठ्याच्या किंवा मृत्यूच्या गुन्ह्याला लागू नाही.

पण हा झाला राज्याचा फौजदारी कायदा. इमिग्रेशन संघराज्याकडे आहे आणि राज्याच्या अभयाने त्याचे हात बांधले जात नाहीत. संघराज्याच्या कायद्यात अमली पदार्थाच्या जवळजवळ कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलं की परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं; स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच, एवढाच अपवाद. दोषी ठरलं नाही, पण असा गुन्हा केल्याचं अधिकाऱ्यापुढे कबूल केलं, तरी पुढच्या वेळी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नुसत्या अटकेनंतरही व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते: जी मुलगी स्वतः काही घेत नाही, जवळ काही बाळगत नाही आणि दुसऱ्यासाठी फोन करते, तिला घाबरायचं कारण नाही, तिने बेधडक फोन करावा. जिने स्वतःही घेतलं आहे, तिनेही फोन आधीच करावा, कारण समोरच्या माणसाचा जीव जातोय. तिथे तिने बोलावं ते वैद्यकीय गोष्टींबद्दल: त्याने काय घेतलं, किती वेळ झाला, श्वास कधीपासून अडकतोय. स्वतःबद्दल कसलीही कबुली देण्याआधी किंवा कशावर सही करण्याआधी वकील मागावा, आणि तो इमिग्रेशन जाणणारा असावा. फौजदारी वकील ‘छोटा गुन्हा कबूल करा, सुटाल’ असं सांगतात, आणि ती कबुली नागरिकाला स्वस्त पडली तरी व्हिसावरच्या मुलाला देशाबाहेर नेते. गांजाबद्दलही हेच. राज्यात कायदेशीर असला तरी संघराज्याच्या दृष्टीने नाही, आणि आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

ओव्हरडोस रोखण्याच्या हेतूने काही नवं आणायचं असेल, तर मला एक कलम हवं आहे. मदतीसाठी केलेला फोन आणि त्यातून मिळालेली माहिती इमिग्रेशनच्या कामात कुणाविरुद्ध वापरता येणार नाही, असं संघराज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. चार ओळींचं काम आहे. पण त्या चार ओळींनी आपल्या मुलांसारखी लाखो मुलं फोन करताना थबकणार नाहीत.

नार्कन. हो, ठेवावं. नालोक्सोन नाकात मारायच्या फवाऱ्यातून देतात. नार्कन हे त्याचं एक नाव. मार्च २०२३ मध्ये ४ मिलिग्रॅमचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, त्या सप्टेंबरपासून तो दुकानात आहे. दोन फवाऱ्यांचा डबा साधारण ३० ते ४५ डॉलरला मिळतो, आणि फिलाडेल्फियात शहराच्या आरोग्य विभागाकडून मोफतही मिळतो. जवळ बाळगण्यात कसलाही गुन्हा नाही. ज्याच्या अंगात ओपिऑइड नाही त्याला दिला तरी अपाय नाही. जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगलं, असं समजून ८ मिलिग्रॅमचा महागडा फवारा घेऊ नका: न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसांनी दोन्ही वापरून पाहिले, त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला. जगण्याचं प्रमाण सारखंच, ८ मिलिग्रॅमवाल्यांना ओकाऱ्या आणि तडफड मात्र जास्त.

तिला शिकवायचं ते एवढंच. कुणी हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात चोळूनही उठत नसेल, घशातून घरघर येत असेल किंवा श्वास अडकत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ९११. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा दिसत नाही, म्हणून ओठांच्या आतली बाजू, हिरड्या आणि नखं बघावीत; ती राखाडी पडतात. फोनवर पहिलं वाक्य ‘श्वास घेत नाहीये’ हे असावं. एका नाकपुडीत एक फवारा, मग तोंडाने श्वास द्यायचा, पाच सेकंदांना एक. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवून ठेवायचं. फिलाडेल्फियासाठी एक खास गोष्ट: मालात मेडेटोमिडीन असेल तर नालोक्सोनने श्वास परत येतो, पण माणूस डोळे उघडत नाही. अशा वेळी लोक घाबरून फवाऱ्यामागून फवारे मारतात. आपल्याला श्वास हवा आहे, जाग नको. आणि माणूस उठून बसला, ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी एकटं सोडायचं नाही. नालोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, काही द्रव्यांचा त्याहून जास्त; पुन्हा गुंगी येऊ शकते. फेंटानिल लागलेल्या माणसाला हात लावल्याने आपल्याला ओव्हरडोस होतो, ही अफवा आहे. तिच्यामुळे मदत करणारे हात मागे घेतात, म्हणून मुद्दाम सांगते.

विद्यार्थ्यांना खरा धोका केन्सिंग्टनच्या रस्त्यावर नाही. परीक्षेच्या आठवड्यात कुणीतरी जागरणासाठी दिलेल्या ‘अ‍ॅडरॉल’मध्ये, झोपेसाठी दिलेल्या ‘झॅनॅक्स’मध्ये आहे. हुबेहूब दिसणाऱ्या नकली गोळ्या समाजमाध्यमांवर मिळतात. डीईएने पकडून तपासलेल्या फेंटानिलच्या नकली गोळ्यांपैकी २०२३ मध्ये दहातल्या सात आणि २०२४ मध्ये दहातल्या पाच गोळ्यांत जीव घेण्याइतकं, म्हणजे दोन मिलिग्रॅम किंवा जास्त, फेंटानिल होतं. ज्याला ओपिऑइडची सवयच नाही त्याला अशी एकच गोळी पुरते. फेंटानिल ओळखणाऱ्या तपासपट्ट्या पेनसिल्व्हेनियात २०२३ च्या सुरुवातीपासून कायदेशीर आहेत. त्याआधी त्याही नशेचं साहित्य समजल्या जायच्या. पट्टी आहे-नाही एवढंच सांगते, किती आहे ते सांगत नाही, आणि फेंटानिलच्या पट्टीत नायटाझीन दिसत नाही. फार्मसीतून आपल्या नावाने आलेल्या बाटलीखेरीज कुठलीही गोळी घ्यायची नाही, हा तिच्यासाठी नियम.

विधेयकांकडे परत येऊन, ज्यावर खरा पैसा आणि कायदा लागायला हवा त्याबद्दल बोलते. मृत्यू सगळ्यात जास्त कमी करणारी गोष्ट आपल्याकडे कधीपासून आहे: ओपिऑइडच्या व्यसनावरची औषधं, बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन. मॅसॅच्युसेट्समध्ये ओव्हरडोसमधून वाचलेल्या लोकांचा पाठपुरावा केला, त्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेथाडोन घेणाऱ्यांत मृत्यू ५९ टक्क्यांनी आणि बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगणसारखं केंद्र आणि पूर्ण संयम डोळ्यापुढे येतो. दारूसाठी ती वाट कितीतरी जणांना तारून गेली. ओपिऑइडमध्ये मात्र काही आठवडे बंद ठेवून औषधाविना घरी पाठवलं, तर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुना डोस जीव घेतो. वॉशिंग्टन राज्यातल्या २००७ च्या अभ्यासात तुरुंगातून सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या १२९ पट निघाला, त्याचं हेच कारण. औषध चालू ठेवणं म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं नव्हे. भारतातही नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, बुप्रेनॉर्फिन देतेच.

इथे कायद्याने चांगलं काय केलं तेही सांगायला हवं. डिसेंबर २०२२ पर्यंत बुप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना वेगळा परवाना लागत असे. गंमत बघा, वेदनेसाठी ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड द्यायला तो लागत नसे. तो अडसर एका अर्थसंकल्पी कायद्यात निघाला. मेथाडोन मात्र व्यसनासाठी आजही फक्त ठरावीक क्लिनिकमध्येच मिळतं. २०२४ च्या नियमांनी सुरुवातीपासून काही दिवसांचे आणि महिन्याभरानंतर २८ दिवसांपर्यंतचे डोस घरी नेण्याची मुभा दिली, पण ती द्यायची की नाही ते क्लिनिक ठरवतं. व्यसनोपचारातल्या तज्ज्ञांना मेथाडोन लिहून देऊ द्यावं आणि ते साध्या फार्मसीत मिळावं, असं एक विधेयक डिसेंबर २०२३ मध्ये सिनेटच्या आरोग्य समितीतून पुढे गेलं, आणि तिथेच राहिलं. मला विचाराल तर चर्चेतल्या सगळ्या विधेयकांमध्ये सर्वाधिक जीव याच एकाने वाचतील. माझे रुग्ण बसने तास-तास प्रवास करून मेथाडोनच्या एका घोटासाठी येतात, मग नोकरी जाते, मग येणं थांबतं.

आणि पैसा. अमेरिकेत ओपिऑइडचं व्यसन असलेल्या प्रौढांपैकी बरेच जण मेडिकेड या सरकारी विम्यावर आहेत. जुलै २०२५ मध्ये हॉल्ट फेंटानिलवर सही व्हायच्या बारा दिवस आधी ज्या मोठ्या कायद्यावर सही झाली, त्याने मेडिकेडचा निधी कापला. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्व प्रकारच्या ओव्हरडोसने सुमारे एक लाख पाच हजार माणसं गेली, २०२४ मध्ये सुमारे ८० हजार. एवढी घसरण मी पूर्वी पाहिली नव्हती. तिची कारणं अनेक आहेत, बदललेला मालही त्यात आहे, पण गावोगाव पोचलेलं नालोक्सोन आणि सोपे झालेले उपचार यांचा वाटा त्यात आहे, याबद्दल मला शंका नाही. तोच पाया खणला तर कितीही कडक अनुसूची ती घसरण राखू शकणार नाही.

कायद्याची भीती चुकीच्या माणसाला कशी बसते, याचा दाखला भारतातच आहे. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा तस्करांसाठी केला. धसका घेतला रुग्णालयांनी आणि औषध दुकानदारांनी. परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन ठेवणंच अनेकांनी सोडलं आणि कॅन्सरचे रुग्ण वेदनेत गेले. ते सुधारायला २०१४ ची दुरुस्ती लागली, तेव्हा मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांसारखी औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढून नियम देशभर सारखे केले. अमेरिकेतलं नवं विधेयक वाचताना माझ्या डोळ्यापुढे ती तीस वर्षं असतात.

शेवटी मुलीच्या बॅगेबद्दल, कारण ते तुमच्याच हातात आहे. पाठदुखीसाठी घरात पडलेल्या ट्रॅमाडॉलच्या किंवा टॅपेंटाडॉलच्या गोळ्या ‘असू दे’ म्हणून तिच्या सामानात टाकू नका. दोन्ही ओपिऑइड आहेत आणि अमेरिकेत नियंत्रित आहेत, ट्रॅमाडॉल चौथ्या अनुसूचीत, टॅपेंटाडॉल दुसऱ्या. झोपेच्या अल्प्राझोलामचंही तेच; शिवाय ते ओपिऑइडसोबत गेलं तर श्वास आणखी मंदावतो. तिला खरंच अशा औषधाची गरज असेल तर मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, लागेल तेवढंच द्या आणि उतरताना कस्टम्सला सांगायला सांगा. तुम्ही तिला भेटायला याल तेव्हा गुडघ्यांच्या गोळ्यांसाठीही हाच नियम. नार्कन मात्र ती इथे आली की पहिल्या आठवड्यात घेऊ दे, आणि ते कुठे ठेवलंय ते रूममेटलाही सांगू दे.